डोकी मोजण्याचा पावसाळा

आमच्या गावच्या सभागृहाला शहाबादी फरशी होती, आणि सगळी भानगड त्या फरशीपासून सुरू झाली.

‘आमच्या गावच्या’ हे आपलं सवयीनं म्हणते. माझं माहेर सानगडीकडचं. सिहोऱ्याच्या बाजूच्या त्या गावात मी शाळेची बाई म्हणून रुजू झाले तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. ग्रामपंचायतीचं सभागृह नुकतंच बांधून झालं होतं. सरपंचांनी तालुक्याला खेटे घालून ते मंजूर करून आणलं होतं. पण घरोघरी शेणानं सारवलेली जमीन असलेल्या गावात ही गुळगुळीत फरशी आली, आणि तिच्यावर पाय ठेवायची कोणाची छाती होईना. माणसं दाराशी यायची, आत डोकवायची, ‘मस्त झालं जी’ म्हणायची आणि बाहेर ओसरीत बसायची. धानाच्या मुलखात पाय चिखलाचे नसतात असे महिने किती? शेवटी सरपंचांनीच दाराला कुलूप घातलं आणि किल्ली करदोट्याला बांधली.

त्या सभागृहात सभा कधी झालीच नाही. ग्रामसभासुद्धा ओसरीतच व्हायची. दिवाळीनंतर मंडई भरायची, म्हणजे आमच्याकडची जत्रा, रात्रभर नाटक आणि घरोघरी पाहुणे. तेव्हा जास्तीचे पाहुणे तिथे झोपायचे. एरवी आत नाटकाचे पडदे, एक लाकडी सिंहासन आणि सरपंचांच्या धानाची पोती, एवढ्यांचाच मुक्काम असायचा.

सभागृहाच्या बरोबर समोर चिंचेचं झाड होतं, आणि त्या झाडाखाली मी होते.

शाळेला पक्की खोली एकच. तीत तिसरी-चौथी घेऊन मुख्याध्यापक बसायचे. त्यांना सगळं गाव गुरुजी म्हणायचं. वयानं मोठे, स्वभावानं गरीब, आवाज चढलेला कधी ऐकला नाही. पहिली-दुसरी माझ्याकडे होती, आणि तिला खोली नव्हती म्हणून चिंच होती. हिवाळ्यात बरं वाटायचं. उन्हाळ्यात सकाळची शाळा, तेही चालून जायचं. पावसाळ्यात मात्र पहिले चार थेंब पडले की पोरं पाट्या डोक्यावर धरून घराकडे धूम ठोकायची. झडी लागली की आठवडा आठवडा माझी शाळा बंद.

ऊन पडलं की मुलगे परत यायचे. मुली यायच्या नाहीत. रोवणीचे दिवस, आई दिवसभर वाकून रोपं लावतेय, घरात तान्हं रडतंय आणि त्याच वेळी पावसानं ही पोरगी घरी आणून सोडली, तर कोणती आई तिला परत पाठवील? एकदा का कडेवर भाऊ बसला की तो उतरायचा नाही. दर पावसाळ्यात माझ्या वर्गातल्या मुली अशा गळून जायच्या, आणि पंधरा दिवसांनी त्याच मुली डोक्यावर हंडा घेऊन माझ्यासमोरून जाताना खाली बघायच्या. मला रडू यायचं नाही, राग यायचा. चिंचेचा यायचा, आभाळाचा यायचा, आणि समोरच्या त्या कुलपाचा तर फारच यायचा.

मी सरपंचांकडे गेले. सरपंच म्हणजे धिप्पाड माणूस, बोलायला मोकळा, हसला की मिशीसकट सगळा हलायचा. वाईट म्हणता येणार नाही. पण सभागृहाचा विषय काढला की पोटच्या पोराला कोणी उसनं मागावं तसं तोंड करायचे.

“बाई, फरशी खराब होईन ना,” ते म्हणाले. “पोरं शाई सांडतीन.”

“पहिलीची पोरं पाटीवर लिहितात. शाई कुठली आली?”

“मंग थुका लावून पुसतीन. तो थुका फरशीवर पडन.” मग थोडं थांबून म्हणाले, “अन् पाय बी कोनाकोनाचे कसे असतेत, बाई.”

कोणाकोणाचे, हे त्यांनी फोड करून सांगितलं नाही. मला सांगावं लागलंही नाही. माझ्या वर्गात गावाच्या सगळ्या टोकांची मुलं होती. बौद्ध वस्तीतली तर भर पावसातही पोत्याची खोळ पांघरून सगळ्यांच्या आधी चिंचेखाली हजर असायची. शाळेचं मोल त्या घरांना समजावून सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. मी तणतणत परत आले आणि त्या दिवशी उजळणीला बिचाऱ्या पोरांना उगाच ओरडले.

त्याच सुमारास तालुक्याच्या कचेरीतून फर्मान आलं. गावोगाव सरकारी इमारती उभ्या राहिल्या आहेत, दुरुस्तीला पैसा पुरत नाही, तेव्हा कोणत्या इमारतीत खरोखर माणसं असतात आणि कोणती नुसती कुलपात असते ते जाऊन मोजायचं. एक बाबू पावसाळ्यात न सांगता फेऱ्या मारणार, आत किती डोकी आहेत आणि ती काय करताहेत ते लिहून नेणार. वापरातल्या इमारतीची दुरुस्ती होणार, रिकामी असेल ती ज्याला गरज असेल त्याला देणार. गुरुजींनी मला हे वाचून दाखवलं तेव्हा ही कल्पना मला इतकी शहाणपणाची वाटली की सरकारला ती सुचली कशी, याचंच नवल वाटत राहिलं. बाबू येईल, कुलूप बघेल, समोर चिंचेखाली माझी पोरं बघेल. आंधळ्यालाही कळेल इतकं सोपं गणित होतं.

सरपंचांनी तेच फर्मान ओसरीत गावाला समजावलं ते असं.

“सरकारचा मानूस येनार. सभागृहात मानसं मोजनार. रिकामं दिसलं का गेलं आपल्या हातातून. गोदाम करतीन, नाही तं दुसऱ्या कोन्या गावच्या घशात घालतीन.”

“सभागृह उचलून कसं नेतीन जी?” कोणीतरी विचारलं.

“सरकारनं आनलं, सरकार नेईन. तुले काय करायचं? घंटी वाजली का येऊन बसायचं.”

घंटी म्हणजे आमच्या शाळेची. चिखल्याच्या खाणीकडून भंगारात आलेला रुळाचा एक तुकडा चिंचेच्या फांदीला टांगलेला होता. त्याच्यावर लोखंडी दांडा हाणला की शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या शेवटच्या वाफ्यापर्यंत आवाज जायचा. बाबू येणार एसटीनं. एसटी त्याला फाट्यावर सोडणार, आणि तिथून गावात यायचं म्हणजे तलावाच्या पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरूनच. पाळ ही लांबलचक आणि उघडीबोडकी. तिच्यावर चढलेलं माणूस रोवणीतल्या सगळ्यांना दिसतं आणि गावात पोचायला चांगला वेळ लावतं. तेवढ्यात सभागृह भरून काढायचं, असा बेत ठरला. शाळेची घंटा असल्या कामाला देऊ नका म्हणून मी गुरुजींशी भांडले. गुरुजी म्हणाले, “सरपंचाशी वाकडं कायले घ्यायचं, बाई?” आणि चष्मा पुसत बसले.

पहिल्या फेरीला बाबू आला तेव्हा मी दुसरीला बेरीज शिकवत होते. पाळीवर छत्री दिसली आणि माझ्या डोक्यावरच दाणदाण घंटा सुरू झाली. पोरं शाळा सुटली समजून पळाली. पलीकडून बांध्यांमधून पुरुष धावत सुटले, कोणाच्या हातात रोपांची पेंडी, कोणाच्या हातात नांगराची दोरी. बायकांनी मात्र चिखलातला हात काढला नाही. “तुमीच जा बसाले,” त्या म्हणाल्या. “तुमाले जमते ते.”

फरशी खराब होऊ नये म्हणून आधी पोती अंथरली, मग त्या पोत्यांवर गाव बसलं. डोकी वाढावीत म्हणून एका म्हाताऱ्याला बाजेसकट उचलून आणलं. तो कितीतरी दिवसांनी घराबाहेर पडला होता. आपल्याला कुठे नेताहेत हे कोणी सांगायला तयार नाही म्हणून तो वाटेत सारखा “अबे, मी जिता आहो” म्हणून ओरडत होता.

बाबू तरुण होता, काडीसारखा, पँट गुडघ्यापर्यंत वर घेतलेली. एका हातात बूट, दुसऱ्या हातात छत्री, काखेत फाईल. त्याला मी हसताना कधी पाहिलं नाही. दारात उभं राहून त्यानं बोटानं हवेत टिपके देत सगळी डोकी मोजली आणि विचारलं, “काय चाललंय?”

“बसून राहिलो जी,” पुढचा एकजण म्हणाला.

“ते दिसतंय. कशासाठी?”

“तुमी येऊन राहिले म्हनून.”

सरपंचांनी त्या माणसाकडे असं पाहिलं की तो पोत्यात शिरायचा बाकी राहिला. “तालीम आहे साहेब!” ते घाईनं म्हणाले. “नाटकाची तालीम. चाल रे, सुरू कर!”

आमच्या मंडईच्या नाटकात राणीचं काम दरसाल एक दणकट शेतकरी करायचा. तो थेट चिखलणीतून आलेला, मांडीपर्यंत काळा. त्याच्या अंगावर कोणीतरी पडद्याचा तुकडा पदर म्हणून टाकला आणि त्याला सिंहासनावर बसवलं. राणीला एकही वाक्य आठवेना. शेवटी तिनं पदर सावरला, घसा खाकरला आणि भसाड्या आवाजात “महाराज, पानी पडून राहिला” एवढंच म्हटलं. बाबूनं ते लिहून घेतलं.

“नाटक कधी आहे?”

“मंडईले.”

“मंडई दिवाळीनंतर असते. हा आषाढ चाललाय.”

“पाठांतर लय कच्चं आहे, साहेब,” सरपंच म्हणाले.

बाबूचं बोट कोपऱ्यातल्या दोघा परटघडीच्या कपड्यांवर थांबलं. “हे गावचे दिसत नाहीत.”

“जावई आहेत.”

“मग यांना कसं धरायचं?”

“खातेत तं गावचंच ना जी.”

बाबूनं थोडा विचार केला आणि जावई धरले. मी हे सगळं खिडकीतून पाहत होते आणि आतल्या आत उकळत होते. तो परत निघाला तेव्हा मी त्याला पाळीच्या तोंडाशी गाठलं. “अहो, हे सगळं सोंग आहे! तुम्ही पाळीवर दिसलात की घंटा वाजते आणि माणसं येऊन बसतात. वर्षभर कुलूप असतं इथे. माझी पोरं रोज त्या झाडाखाली बसतात, आत्ता घंटेनं पळाली.”

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. “बाई, सोंग आहे की खरं आहे, हे मला लिहायला सांगितलेलं नाही. मी आलो तेव्हा आत कोण होतं, ते मी लिहितो.”

“आणि बाहेर कोण होतं ते?”

“बाहेर म्हणजे इमारत नाही,” तो म्हणाला आणि बूट हातात घेऊन पाळ चढला. मला त्याच्या छत्रीची काडी न् काडी मोडावीशी वाटली. त्याच आठवड्यात झडी लागली आणि त्या सालच्या माझ्या मुली गळायला सुरुवात झाली.

आता पुढचं सांगते ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मीही विश्वास ठेवला नसता.

झडी जरा ओसरल्यावर एका दुपारी पुन्हा पाळीवर छत्री दिसली. घंटा वाजली, पुरुष धावले, पोती अंथरली, बाज आली. या खेपेला सरपंचांनी तयारी चोख ठेवली होती. राणीला वाक्यं पाठ करून दिली होती, एका कोपऱ्यात भजनाचं साहित्य मांडलं होतं. छत्रीवाला दारात आला. काखेत फाईल तशीच, पँट तशीच वर घेतलेली. पण हा आमचा बाबू नव्हता. हा गोल चेहऱ्याचा होता, हसरा होता. इतके पुरुष एका जागी शांत बसलेले पाहून त्याला भरूनच आलं. त्यानं हात जोडले आणि म्हणाला, “वा! मी गावोगाव फिरून राहिलो, पन असं स्वागत कुठंच झालं नाही. कुटुंबनियोजनाबद्दल चार शब्द सांगायले आलो होतो.”

दोन-चार वर्षांपूर्वीची नसबंदीची धास्ती तेव्हा गावातून गेलेली नव्हती. नुसती जीप दिसली तरी माणसं तुरीत जाऊन बसत. तो शब्द कानावर पडला मात्र, सभागृहाच्या दोन्ही खिडक्यांतून पुरुष बाहेर पडू लागले. दारात तो उभा असल्यामुळे दारातून जायची कोणाची हिंमत नव्हती. राणी पदरासकट खिडकीत अडकली, तिला मागून ढकलून काढावं लागलं. जावयांनी तर सरळ फाटा गाठला, ते दिवाळीपर्यंत सासुरवाडीला फिरकले नाहीत. आत उरले सरपंच, हात जोडून उभा असलेला पाहुणा, आणि बाजेवरचा म्हातारा. म्हातारा म्हणाला, “बोल बाबू, मी आयकतो. मले आता कायचं भेव?” आणि त्या भल्या माणसानं खरोखर त्याला बसून सगळी माहिती सांगितली.

मी चिंचेखाली इतकी हसले की पोरं घाबरली. गुरुजीसुद्धा तोंडावर फडकं धरून खोलीत गेले.

पण त्या दिवसापासून घंटेची पत गेली. त्यानंतर खरा बाबू आला, तेव्हा रुळावर दांडा हाणून हाणून हाणणाऱ्याचा हात भरून आला, पण एक पुरुष बांधीतून हलला नाही. “पयले जवळ येऊ द्या, तोंड पाहू, मंग येतो,” असं त्यांचं म्हणणं. तोंड दिसेपर्यंत बाबू दारात पोचला होता. नेमके सरपंच त्या दिवशी किल्लीसकट तुमसरला गेलेले. बाबूनं कुलूप हलवून पाहिलं, खिडकीतून आत पाहिलं, आणि ‘रिकामं’ असं लिहिलं. मी पाहत होते. मला वाटलं, चला, आता तरी उजेड पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच चिंचेखाली आले. माझ्या वर्गासमोर इतक्या नरमाईनं उभे राहिलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. मिशी उतरलेली होती.

“बाई, एक काम होतं.”

“बोला.”

“मोठे मानसं काही येत नाहीत आता. रोवना चालू आहे, अन् वरून ते भेव. मले सभागृहात दिवसभर बसनारी मानसं पायजे.” त्यांनी माझ्या पोरांवरून नजर फिरवली. “आता ही तुमची डोकी... डोकी म्हंजे डोकीच ना? लहान-मोठं तं त्यानं काही इचारलं नाही.”

मला आतून इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर येऊ नये म्हणून मी एका पोराच्या पाटीवरची बेरीज विनाकारण पुसून टाकली. ती बरोबर होती, बिचाऱ्याची.

“शाई सांडेल ना,” मी म्हटलं.

“पाटीवर लिहितेत म्हने.”

“थुंकी पडेल.”

“फडकं देतो.”

“आणि पाय? कोणाकोणाचे पाय असतात.”

सरपंचांनी करदोट्याची किल्ली चाचपली. मग म्हणाले, “सगळ्याइचे येऊ द्या, बाई.”

मी तिथेच मागण्या मांडल्या. घंटा वाजली की धावत येऊन बसणारी माझी पोरं नाहीत. आली तर शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत, रोज. भिंतीवर फळा ठोकून पाहिजे. धानाची पोती निघाली पाहिजेत, कारण त्यांत उंदीर आहेत आणि उंदीर निघाला की पहिलीचा वर्ग पुन्हा जमवायला तासभर जातो. किल्ली सकाळी मला मिळाली पाहिजे. सरपंच प्रत्येक मागणीला मान हलवत गेले. “मोजनी होयेपर्यंतच हं, बाई,” एवढं मात्र त्यांनी शेवटी दोनदा बजावलं. मी त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

पोती सरपंचांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोनं ती पाहून जे म्हटलं ते सगळ्या गल्लीनं ऐकलं. राणीनं स्वतः फळा ठोकला, आणि खिळा वाकडा गेला म्हणून फळा शेवटपर्यंत डावीकडे कललेला राहिला. पहिल्या दिवशी माझी पोरं दारात थबकली. पायाखाली असलं थंडगार, गुळगुळीत काही त्यांना माहीत नव्हतं. मग एकानं घसरून पाहिलं. मग सगळ्यांनी. त्या दिवशी शिकवणं झालं नाही, आणि मी ओरडलेही नाही.

बाबू आला तेव्हा घंटा नव्हती, धावाधाव नव्हती. तो दारात उभा राहिला, बोटानं टिपके देत मोजू लागला, आणि माझा वर्ग त्याच्या बोटाबरोबर मोठ्यानं मोजू लागला. त्याचं चुकलं की पोरं ओरडायची आणि त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. असं तीनदा झालं. पुढच्या एका फेरीला तो पाळीवरून न येता शेजारच्या गावावरून सायकलीनं, आडवाटेनं आला. मुद्दाम आला असणार. आत आम्ही होतोच. तो माझ्याकडे बघून “शाळा” एवढंच म्हणाला आणि लिहून निघून गेला.

शेवटच्या फेरीला त्यानं ओसरीत सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. एकदा नाटकाची तालीम. एकदा रिकामं. बाकी प्रत्येक वेळी शाळा. “बरोबर आहे ना?” त्यानं विचारलं.

“शंभर टक्के बरोबर!” सरपंच म्हणाले. “म्हंजे भरलं ना सभागृह?”

“भरलं.”

सरपंचांनी ऐटीत सही ठोकली आणि बाबूला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. त्या जेवणात मलाही बोलावलं होतं. वाढताना सरपंच मला म्हणाले, “बाई, तुमचे लय उपकार झाले. सोमवारपासून आपली पोरं आपल्या झाडाखाली.” मी बाबूकडे पाहिलं. तो मान खाली घालून भात कालवत होता.

तो सोमवार काही आला नाही, कारण सोमवारी झडी होती आणि मी किल्ली परतच केली नाही. त्याच्या पुढचे सोमवारही मी एकेक सबब काढून ढकलत नेले. झोप उडाली होती माझी. उद्या सरपंच दारात येतील आणि मला पोरांना उठवावं लागेल, या धास्तीनं मी शाळेत जायचे. असं भादवा उजाडेपर्यंत चाललं. मग तालुक्याचा कागद आला. सभागृह नियमितपणे शाळेसाठी वापरलं जात असल्याचं आढळून आलं, सबब ते शाळेकडे द्यावं, किल्ली मुख्याध्यापकांकडे असावी आणि कौलांची दुरुस्ती करून मिळावी.

सरपंच तडक तालुक्याला गेले. संध्याकाळी परत आले आणि ओसरीत बसून त्यांनी स्वतःच सगळी हकीगत सांगितली, इतके ते भडकले होते. “म्या म्हटलं साहेब, पोरं फकत मोजनीपुरती आनली होती. तं साहेब म्हनते, मंग मोजनी खोटी होती काय? सही तं तुमचीच आहे. म्या काय म्हनू?” मग माझ्याकडे वळले. “तुमी मले फसवलं, बाई.”

“मी कुठे? तुम्हाला सभागृह वाचवायचं होतं. वाचलं की.”

“असं नव्हतं वाचवायचं!”

ओसरीतली माणसं हसली. आधी दबून, मग मोकळी. राणीचं हसणं सगळ्यांत मोठं होतं. सरपंच उठून निघून गेले. पुढे महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटलं, कारण त्या ओसरीत त्यांच्याइतकं चांगलं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

निंदणाचे दिवस होते. एका दुपारी असं पाणी कोसळलं की समोरची चिंच दिसेना. माझा वर्ग सवयीनं उठला, पाट्या डोक्यावर धरल्या आणि दाराशी गर्दी केली.

“कुठे निघालात?”

“पानी आला ना, बाई.”

“मग?”

पोरांनी वर पाहिलं. एकानं हात पुढे करून पाहिला, हातावर काही पडेना. मग ती एकेक करून परत जागेवर जाऊन बसली. तेवढ्यात बांध्यांतून बायका धावत ओसरीत आल्या, नखशिखांत भिजलेल्या, विजेला भ्यालेल्या. त्या खिडक्यांशी दाटी करून आत बघू लागल्या. आया बघताहेत म्हटल्यावर वर्गाला चेव आला आणि बेचा पाढा असा सुरू झाला की आभाळाचा आवाज मागे पडला. पाणी थांबेपर्यंत बायका खिडक्यांशी तशाच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशीही पाऊस होताच. शाळा भरून थोडा वेळ झाला आणि त्यांतली एक बाई दारात आली. कडेवर तान्हं, आणि दुसऱ्या हाताला धरलेली तिची मुलगी. ही आषाढात माझ्या वर्गातून गेलेल्यांपैकी. मुलीचे हात मोकळे होते. ते कुठे ठेवावेत हे तिला कळत नव्हतं.

“बाई, मोजनी झाली का जी?” आईनं विचारलं.

“कधीच झाली,” मी म्हटलं. “आता कोणी मोजायला येणार नाही.”

ती दारातच थांबली. तिनं मुलीकडे पाहिलं, मग आत बसलेल्या सगळ्या पोरांकडे पाहिलं.

“मंग तुमी मोजा ना, बाई,” ती म्हणाली. “हिले बी मोजा.”

मी मुलीला दारापासून लांब, झड येत नव्हती तिथे बसवलं. हजेरी झालेली होती, तरी मी हजेरीपट पुन्हा उघडला आणि पहिल्यापासून एकेकाला हाक मारायला सुरुवात केली.